प्रार्थना केलीत, आता दाराकडे कान ठेवा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या घरसभेत दर गुरुवारी शेवटी प्रार्थनेचे विषय विचारतात. 2013 च्या पावसाळ्यात मी धाकट्या भावाच्या नोकरीचा विषय दिला. सगळ्यांनी प्रार्थना केली, चहा झाला, अंधारात चपला शोधल्या आणि आपापल्या घरी गेलो. तीन आठवड्यांनी सभेतल्या एका आजींनी मला दारातच गाठलं. "काय झालं रे त्या नोकरीचं?"

मी म्हणालो, "कुठल्या नोकरीचं?"

भाऊ दहा दिवसांपूर्वीच चाकणला एका कारखान्यात रुजू झाला होता. त्याने आणलेले पेढे मी खाल्ले होते. पण हे आपण मागितलं होतं, चार माणसांना मागायला लावलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, मी अजून रोज पहाटे त्याचं नाव घेतेय! मला सांगायचं तरी होतंस."

पवित्र शास्त्रातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, बारावा अध्याय काढा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे आणि मंडळी, म्हणजे तिथले विश्वासणारे, मार्कच्या आईच्या घरी जमून त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते आहे. पेत्र सुटून येतो, दार ठोठावतो. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते, पण आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले प्रार्थनावीर तिला म्हणतात, "तुला वेड लागलंय." आणि पेत्र बाहेर ठोठावतोच आहे. त्या रात्री घरी परतताना मला कळलं की मी त्या घरातलाच होतो, आणि रुदाइतकासुद्धा शहाणा नव्हतो.

तोवर मला वाटायचं की माझा विश्वास कमी पडतो. विश्वास कमी असेलही. पण त्याआधी माझं लक्षच नव्हतं. मागायचं आणि विसरायचं, हीच माझी पद्धत होती. पुढे लिहिलंय ते ही सवय मोडताना शिकलेलं. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. जन्माने ख्रिस्ती, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' संडेस्कूलपासून तोंडपाठ, आणि तरी चाळिशीपर्यंत प्रार्थना म्हणजे काय ते नीट न कळलेला माणूस. तुम्ही नुकतेच विश्वासात आला असाल किंवा माझ्यासारखे वर्षानुवर्षं पाठांतरावर चालला असाल, तर याचा उपयोग होईल.

## लागणारं साहित्य

- एक जाड, शिवलेली वही. सुटे कागद किंवा स्पायरलची वही नको, पानं फाडायचा मोह होतो.
- पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. जुन्या भाषांतराची भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली भाषांतरंही मिळतात, मोबाइलवरही वाचता येतात.
- पेन. वहीतच अडकवून ठेवा, नाहीतर शोधण्यात पाच मिनिटं जातात आणि मग राहूनच जातं.
- रोजची वीस मिनिटं. पहाटेचीच हवीत असं नाही. मी लोकलने जायचो तेव्हा पिंपरी ते शिवाजीनगर हाच माझा वेळ होता.
- एक माणूस, जो तुम्हाला "काय झालं त्याचं?" असं विचारेल.

मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तर चालतील का, असं तरुण मुलं विचारतात. चालतील. पण मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा फोन बदलताना सगळं गेलं.

## 1. आधी नवसाचा हिशेब डोक्यातून काढा

ही पायरी आपल्याकडे फार लागते, म्हणून पहिली घेतली. आपण वाढलो त्या हवेतच नवस आहे. तू हे कर, मी ते करीन. ख्रिस्ती घरांतही तो वेगळ्या कपड्यांत येतो. मुलगा पास झाला तर चाळीस दिवस उपवास, घर झालं तर मंडळीला पंखे. आभार म्हणून पंखे जरूर द्या, आमच्या मंडळीत उन्हाळ्यात फार गरज असते. पण ते किंमत म्हणून देऊ नका.

कारण सौदा म्हटला की अपेक्षा माझ्या बाजूच्या मालावर टिकते. उपवास पुरेसा झाला का, रडू पुरेसं आलं का, आवाज पुरेसा चढला का, हेच मी मोजत बसतो. येशूने मात्र उदाहरण दिलं ते बाप आणि लेकराचं. मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल? लेकरू मागताना आपली लायकी मोजत नाही, ते बापाच्या खिशाकडे बघतं.

करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. आठवडाभर प्रार्थनेची सुरुवात मागण्याने करू नका. पहिली दोन मिनिटं फक्त ज्याच्याशी बोलताय त्याच्याविषयी बोला. शब्द सुचत नसतील तर एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा, 103 वं चांगलं आहे. किंवा 'उपासना संगीत'मधलं एखादं टिळकांचं गीत म्हणा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताशी अस्सल मराठीत, अभंगाच्या लयीत बोलायला आपल्याला शिकवलं. आपण प्रार्थनेला उभे राहिलो की अजूनही अनेकदा भाषांतरित मराठीत का बोलतो, कोण जाणे. "हे पवित्र, दयाळू, सर्वसमर्थ, कनवाळू पित्या" ही गाडी एकदा सुरू झाली की थांबत नाही. आईशी बोलता त्या भाषेत बोला.

## 2. मागणं नेमकं करा

"प्रभू, आमच्या कुटुंबाला आशीर्वाद दे." ही प्रार्थना चुकीची नाही, पण तिचं उत्तर आलं की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणूनच ती आपल्याला आवडते. तिच्यात निराश व्हायचा धोका नाही.

यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, "माझ्यावर दया कर." येशू थांबला आणि त्याने विचारलं, "मी तुझ्यासाठी काय करावं?" माणूस आंधळा आहे हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी त्याच्या तोंडून काढून घेतलं. दया म्हणजे भीकही झाली असती. बार्तीमय म्हणाला, मला दिसावं.

लूक 11 मध्ये मध्यरात्री मित्राचं दार वाजवणारा माणूसही तसाच. "काहीतरी खायला दे" असं म्हणत नाही. तीन भाकरी दे, उसन्या दे, प्रवासातला पाहुणा आलाय आणि वाढायला घरात काही नाही. आकडा, कारण, अडचण, सगळं एका दमात.

माझ्या वहीतलं एक पान दाखवतो. आधी लिहिलं होतं:

"मुलीच्या अभ्यासाकडे लक्ष दे."

त्यावर काट मारून खाली लिहिलं:

"मुलीला गणिताची भीती वाटते. रात्री पेपरच्या स्वप्नाने उठते. तिची भीती जावी. तिला समजावून सांगणारं कोणी मिळावं. सहामाहीच्या आधी."

दुसरं वाक्य लिहिताना मी स्वतःच थबकलो. मला मार्क हवे होते की तिची झोप? आठवडाभर "अभ्यासाकडे लक्ष दे" म्हणत होतो तोवर हा प्रश्नच पडला नव्हता. नेमकं मागायला लागलं की आधी आपणच उघडे पडतो. याकोब आपल्या पत्रात म्हणतो की तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण चैनीवर उधळायला मागता. ते उधळणं "आशीर्वाद दे" या शब्दामागे छान लपतं, स्वच्छ वाक्य लिहिलं की लपत नाही.

## 3. वचन धरा, पण मागचं-पुढचं वाचून

अपेक्षा कशाच्या तरी जोरावर करायची असते. ख्रिस्ती माणसासाठी तो जोर म्हणजे देवाने दिलेलं वचन. इथे एक मोठा खड्डा आहे.

31 डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर बऱ्याच मंडळ्यांत वचनांची कार्डं वाटतात. ताट फिरतं, आपण डोळे मिटून एक उचलतो आणि ते वर्षभर फ्रिजवर चिकटवतो. मला त्यात गैर वाटत नाही, माझ्याही फ्रिजवर आहे. पण एका वर्षी मला यिर्मया 29:11 आलं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. मी खूश. फ्लॅटच्या कर्जाचा अर्ज केला होता, म्हटलं झालंच काम. कर्ज नामंजूर झालं. रागाने पवित्र शास्त्र उघडलं तेव्हा त्याच्या आधीचं वचन (ओळ) पहिल्यांदा वाचलं. यिर्मया हे पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहितो आहे आणि दहाव्या वचनात म्हणतो, सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन. त्याच पत्रात आधी म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. लॉटरीच्या तिकिटासारखं मी उचललेलं वचन प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या वाटेची शिदोरी होतं.

म्हणून नियम साधा ठेवा: वचन वहीत लिहिण्याआधी तो पूर्ण अध्याय वाचायचा. मग मागण्याखाली दोनपैकी एक अक्षर लिहा. 'व', म्हणजे हे देवाने सर्वांना दिलेलं वचन आहे. उदाहरणार्थ, ज्ञान उणे असेल त्याने मागावं, ते मिळेल (याकोब 1:5). किंवा 'इ', म्हणजे ही माझी इच्छा आहे. चांगली असेल, पण माझी आहे. कर्ज, नोकरी, बदली, स्थळ ही बहुतेक 'इ'. 'इ' मागायला बंदी नाही, मोकळेपणाने मागा. फक्त 'इ'ला 'व' समजून देवाच्या अंगावर धावून जाऊ नका.

## 4. वही

ही युक्ती माझी नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर (1805–1898) अनाथाश्रम चालवत. माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे असा त्यांचा नेम होता. काय मागितलं आणि काय आलं याची ते तारखेसकट नोंद ठेवत. आपल्या पंडिता रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमागे त्या वाचनाचाही हात आहे.

वही अशी मांडा. उघडल्यावर डावं पान मागणीचं, उजवं उत्तराचं. डाव्या पानावर तारीख, मागणी, 'व' की 'इ'. उजवं पान कोरं सोडा. कोरंच, एक ओळही नको. ते कोरं पान रोज तुमच्याकडे बघत राहतं, निम्मं काम तेच करतं.

उजव्या पानावर लिहिताना इमानदारी ठेवा. जे झालं तेच लिहा. मी सुरुवातीला उत्तरं ओढूनताणून बसवायचो. मागितली होती बदली, मिळाला नवा साहेब, आणि मी लिहिलं "प्रभूने वेगळ्या प्रकारे उत्तर दिले." बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे उत्तर देवाचं की तुमचं?" खोडलं. आता तीनच प्रकार लिहितो: झालं, नाही झालं, अजून नाही. बाकी अर्थ लावायला पुढे आयुष्य पडलंय.

आणखी एक. रोज सगळी वही वाचू नका, दमून जाल. मी सोमवार ते शनिवार सहा भाग केले आहेत. घर, नातेवाईक, मंडळी, कामाची जागा, शेजार आणि देश, आजारी माणसं. रविवारी काही मागत नाही, फक्त उजवी पानं वाचतो.

## 5. भांडी गोळा करा

2 राजे, चौथा अध्याय. एका विधवेच्या घरी तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही आणि सावकार तिची मुलं न्यायला निघालाय. अलीशा संदेष्टा तिला सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, आणि थोडकी आणू नको. तेल भांड्यांमागून भांडी भरत गेलं. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. ती किती घरी गेली असेल, कोणत्या घरापाशी तिला लाज वाटून परत फिरावंसं वाटलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

अपेक्षा आहे की नाही हे कसं ओळखायचं? घरात भांडी आलीत का बघा.

याबाबतीत मला सगळ्यांत आवडतो नहेम्या. शूशन राजवाड्यात तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी किसलेव महिन्यात येते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. नीसान महिना येतो, म्हणजे मध्ये साधारण चार महिने गेले. एके दिवशी राजा अर्तहशश्त विचारतो, तुझं काय मागणं आहे? नहेम्या मनातल्या मनात एक प्रार्थना करतो आणि बोलायला लागतो. किती दिवस लागतील ते सांगतो. नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं हवीत. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे पत्र हवं, कारण दरवाजांना, कोटाला आणि राहायच्या घराला लाकूड लागेल. वनाच्या रखवालदाराचं नावसुद्धा त्याला माहीत आहे! चार महिने तो गुडघ्यांवर होता, तशी त्याची यादीही तयार होत होती.

तुमच्या मागणीसाठी 'आसाफचं पत्र' कोणतं ते शोधा. नोकरी मागताय, तर बायोडेटा अद्ययावत आहे का? नातं जुळावं असं मागताय, तर समोरच्याचा नंबर सेव्ह आहे का? मुलीच्या गणितासाठी मी काय केलं? कॉलनीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या दारावर गेलो. तीन महिने मी देवाला "कोणीतरी पाठव" म्हणत होतो, आणि बाई आमच्याच जिन्यावर दोन मजले खाली राहत होत्या.

आणि हे ठळक वाचा. भांडी गोळा करणं म्हणजे औषधं बंद करणं नव्हे. "गोळी घेतली म्हणजे विश्वास नाही" असं कोणी सांगितलं तर त्या सभेतून उठा. मधुमेहाचं इन्सुलिन, फिट्सची गोळी, टीबीचा कोर्स, मनाच्या आजाराची औषधं, काही म्हणजे काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. बरं वाटलं तर तपासणी करून घ्या. येशूनेही बरं केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं होतं.

## 6. सातव्यांदा जा

दुष्काळात पावसाची वाट बघणाऱ्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. जूनचे शेवटचे दिवस, पेरणी खोळंबलेली, आणि माणसं तासातासाला पश्चिमेकडे बघतात. माझे आजोबा अंगणात खाट टाकून बसायचे. बोलायचे नाहीत. मधूनच डोळ्यांवर हात धरून बघायचे.

कर्मेलच्या डोंगरावर एलीया गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि चाकराला म्हणाला, समुद्राकडे बघून ये. काही नाही. परत जा. काही नाही. सातव्यांदा चाकर म्हणाला, माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येतोय. एलीयाने लगेच अहाबाला निरोप धाडला, रथ जोड आणि निघ, पावसाने अडशील. ढग अजून तळहाताएवढाच होता.

गंमत बघा, एलीयाने चाकराला प्रार्थना करायला नाही, बघायला पाठवलं. बघणं हे वेगळं काम आहे. वहीत मी प्रत्येक मागणीपुढे 'बघायची तारीख' लिहितो. साधारण महिन्याने. त्या दिवशी त्या गोष्टीत काही हललंय का ते मुद्दाम तपासतो: फोन करतो, विचारतो. तळहाताएवढं काही दिसलं तर तेही उजव्या पानावर लिहितो. मुलीच्या बाबतीत पहिली नोंद होती: "आज स्वतःहून वही घेऊन खाली गेली." मार्क तेव्हा पस्तीसच होते.

आणि एलीया म्हणजे कोणी दुसऱ्या जातकुळीचा नव्हता. याकोब स्पष्ट लिहितो की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता.

## 7. एकट्याने ओढू नका

जानेवारी 1905 मध्ये केडगावला रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं. सुमारे 70 जणी आल्या. जूनपर्यंत संख्या 550 च्या आसपास गेली, आणि दिवसातून दोनदा जमायच्या. यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून आणलेल्या, नुकतंच अक्षर शिकलेल्या मुली होत्या. जूनच्या अखेरीस तिथे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झालं त्याची बातमी जगभर गेली. मला मात्र आधीचे ते सहा महिने जास्त भावतात.

तुम्हाला 70 माणसं नकोत, एक पुरे. मात्र निवड सांभाळून करा. तोंडाचा पक्का हवा, तुमची अडचण पुढच्या सभेत "एका कुटुंबात असं असं आहे" म्हणून वाटणारा नको. आणि विचारणारा हवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय टाकला की खाली बावीस 'आमेन' आणि हात जोडलेली चित्रं येतात. त्यातल्या किती जणांनी डोळे मिटले, प्रभूलाच ठाऊक. मीही तसे आमेन टाकले आहेत. आता ठरवलंय की आमेन टाइप करायच्या आधी एक वाक्य तरी प्रार्थना करायची.

माझ्यासाठी ते माणूस म्हणजे त्या आजीच झाल्या. पुढची सहा वर्षं, त्या गेल्या तोपर्यंत.

## 8. 'नाही' आल्यावर

हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही वही विकत घेतली नसती.

पहिल्या वहीचं त्रेचाळिसावं पान. डावीकडे: "बाबांच्या किडन्या बऱ्या व्हाव्यात. डायलिसिस थांबावं." 'इ'. तारीख 2016 च्या फेब्रुवारीतली. आठवड्यातून दोनदा त्यांना घेऊन जायचो, चार-चार तास मशीनशेजारी स्टुलावर बसायचो. त्या स्टुलावर बसून जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात कधी केली नाही. मंडळीने उपवास केले. बाबा ऑक्टोबरमध्ये गेले.

चौथ्या दिवशी घरी भेटायला आलेल्या एका पाहुण्या प्रचारकांनी आईसमोर मला सांगितलं, "कुठेतरी विश्वासात उणीव राहिली." आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि आत निघून गेली.

तुमच्या आयुष्यात असा दिवस आला तर पुढच्या गोष्टी हाताशी ठेवा. त्या मला नंतर, फार सावकाश सापडल्या.

पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढंच उत्तर. पौलाच्या विश्वासात उणीव होती असं कोणी म्हणत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, आणि तो प्यायला. दानीएलच्या पुस्तकात शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. 'समर्थ आहे' आणि 'नाही सोडवलं तरी' ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. दुसरं वाक्य म्हटलं म्हणून पहिलं कच्चं होत नाही.

पण यात उलटा खड्डाही आहे, आणि बाबा गेल्यावर मी त्यात वर्षभर पडून होतो. प्रत्येक मागणीच्या शेवटी "तुझी इच्छा असेल तर" लावायचो. तोंडाने समर्पण, आतून मात्र मागणं आधीच मागे घेतलेलं, म्हणजे लागायला नको. येशूने "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं ते प्याला टळावा असं मनापासून मागून, आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडेपर्यंत तो प्रार्थना करत राहिला. मी मात्र मनापासून न मागताच ते म्हणत होतो.

त्यातून मला बाहेर काढलं मार्क 9 मधल्या बापाने. फेपऱ्याने पछाडलेल्या मुलाला घेऊन आलेला, शिष्यांकडून निराश झालेला माणूस. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, असं तो एकाच श्वासात ओरडतो. येशू त्याला 'आधी विश्वास पुरा करून ये' म्हणत नाही. मुलाला बरं करतो. तेव्हापासून विश्वास आटला की मी हेच वाक्य म्हणतो. आणि तेही जमलं नाही तर तेरावं स्तोत्र, ज्याची सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" अशी आहे. तक्रार करणारा माणूस अजून दारातच उभा असतो, निघून गेलेला नसतो.

त्रेचाळिसाव्या पानाच्या उजव्या बाजूला लिहिलंय: "नाही झालं. 11 ऑक्टोबर." खाली पुढच्या वर्षी, वेगळ्या शाईत: "शेवटच्या आठ महिन्यांत बाबांशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो." हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही. झालं ते लिहिलं.

## काही झटपट इशारे

पैसे. "बी पेरा, शंभरपट मिळेल" असं सांगून प्रार्थनेआधी रक्कम किंवा यूपीआयचा नंबर पुढे करणारा कोणीही असो, पाकीट खिशात ठेवा. म्युलर माणसांपुढे हात पसरत नसत, आणि आलेल्या पैशाचा हिशेब मात्र चोख छापत.

साक्षींची तुलना. सभेत लोक मोठ्या गोष्टी सांगतात, आणि लोकांनी न सांगितलेल्या त्रेचाळिसाव्या पानांची संख्या आपल्याला दिसत नाही.

आवाज. मोठ्याने प्रार्थना करणारा जास्त विश्वासाचा असं नाही. मंदिरात प्रार्थना करताना हन्नाचे नुसते ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं ती प्यायली आहे.

खंड. आठ दिवस वही उघडली नाही तर नवव्या दिवशी उघडा. राहिलेलं भरून काढू नका.

## 9. वही भरल्यावर

साधारण दोन-अडीच वर्षांत भरते. तेव्हा 'अजून नाही' राहिलेल्या मागण्या नव्या वहीत हाताने उतरवायच्या. झेरॉक्स नको, फोटो नको. एकेक ओळ लिहिताना हात आपोआप विचारतो, हे मला अजून हवंय का?

गेल्या वेळी उतरवायला बसलो तेव्हा एकोणीस राहिल्या होत्या. चार उतरवल्या नाहीत. त्यातली एक, एका माणसाची बढती अडावी अशी होती, जरा सभ्य शब्दांत लिहिलेली. वाचून मान खाली गेली. उरलेल्या पंधरा लिहून काढायला पाऊण तास लागला. त्यात सर्वांत जुनी 2014 ची, आता ती चौथ्या वहीत आली आहे, आणि प्रत्येक वेळी तिची मूळ तारीखच लिहितो. समोरचं उजवं पान कोरं. बघायची तारीख टाकली आहे, येत्या महिन्याची 5.